सीडी-१९ : पेशीच्या दारावरची पाटी आणि तिची महागडी नक्कल

मीरा रोडमध्ये कुणाला रक्ताच्या कर्करोगाची शंका आली की पुढचा प्रवास जवळपास ठरलेला असतो. घराजवळच्या लॅबमध्ये साधी रक्ततपासणी, त्यात पांढऱ्या पेशींचा भलताच आकडा, मग डॉक्टरांची चिठ्ठी, चर्चगेट लोकलने दादर आणि तिथून परळ. काही दिवसांनी हातात जो अहवाल पडतो त्यात अक्षरे आणि आकड्यांची रांग असते: सीडी-३, सीडी-१०, सीडी-१९, सीडी-२०, सीडी-३४. नातेवाईक तो कागद मोबाइलवर एकमेकांना पाठवतात आणि ‘१९ म्हणजे जास्त झाले का?’ असा प्रश्न हमखास निघतो. १९ हे प्रमाण नाही. रक्तपेशींच्या पृष्ठभागावर सापडणाऱ्या रेणूंना जगभर एकच नाव असावे म्हणून १९८२ साली पॅरिसमध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीपासून असे क्रमांक द्यायला सुरुवात झाली. १९ हा नुसता नोंदणी क्रमांक आहे. त्याच्या शेजारी टक्केवारी किंवा ‘पॉझिटिव्ह’ असा जो शेरा असतो, अर्थ त्याला आहे.

या एका क्रमांकाला मुंबई परिसरात गेल्या काही वर्षांत वेगळेच महत्त्व आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला मान्यता दिली. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा, तिच्यातून उभी राहिलेली इम्युनोअॅक्ट ही कंपनी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून तो विकसित केला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. ‘पहिली स्वदेशी कार-टी उपचारपद्धती’ म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण नावातला १९ कोणता, तो प्रयोगशाळेत कसा हाताळला जातो आणि त्यासाठी लागणारे साहित्य कुठून येते, याची चर्चा फारशी झाली नाही. उपचार कुणाला लागू पडेल, किती टिकेल आणि काय भावात मिळेल, याची बरीचशी उत्तरे या प्रश्नांमध्येच दडलेली आहेत.

शांतीनगरच्या सेक्टरांत पहिल्यांदा येणारा माणूस हमखास चुकतो. इमारती एकसारख्या, जिने एकसारखे. भरवसा दारावरच्या पाटीचाच. शरीरातल्या पेशींचेही असेच असते. प्रत्येक पेशीभोवती मेदाचे पातळ पटल असते आणि त्यात हजारो प्रथिने रोवलेली असतात. काही बाहेरचा निरोप आत पोहोचवतात, काही क्षार आणि साखरेची ने-आण करतात, काही ओळख पटवतात. माणसाच्या जनुकांपैकी सुमारे पाव जनुके अशा पटल-प्रथिनांची असतात आणि वापरातल्या निम्म्याहून अधिक औषधांचे लक्ष्यही तीच असतात. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन, अॅसिडिटीची पँटोप्राझोल, दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल, मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन या चारही औषधांचे काम पेशीपटलातल्या कुठल्या ना कुठल्या प्रथिनावर चालते. घराघरातल्या गोळ्यांच्या डब्यात हे विज्ञान आधीपासूनच आहे.

सीडी-१९ ही बी-पेशींच्या दारावरची पाटी. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या घराण्यातल्या पांढऱ्या पेशी. या घराण्यात कर्करोग झाला, म्हणजे बी-प्रकारचा ल्युकेमिया किंवा लिंफोमा झाला, तरी बहुतेक वेळा ही पाटी दारावर कायम राहते. यकृत, मूत्रपिंड, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी यांच्यावर ती नसते. नेमका बाण मारायला म्हणूनच ती सोयीची. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात आणि वाढवून पुन्हा शिरेतून देतात. त्या नव्या जनुकामुळे टी-पेशीच्या पटलावर एक कृत्रिम ग्राहक उगवतो आणि तो सीडी-१९ ची पाटी वाचू लागतो. म्हणजे हा सामना दोन पटल-प्रथिनांमधला आहे: एक निसर्गाने बी-पेशीवर लावलेले आणि दुसरे प्रयोगशाळेत रचून टी-पेशीवर बसवलेले.

इथे प्रयोगशाळेतली कुपी येते. टी-पेशींत जनुक घातले म्हणजे प्रत्येक पेशीवर ग्राहक उगवलाच असे नाही. शंभरातल्या किती पेशींवर तो बसला हे मोजल्याशिवाय मात्रा ठरत नाही; रुग्णाला द्यायच्या पेशींचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे अशा ‘खऱ्या’ पेशींवरच होतो. मोजण्याच्या ज्या पद्धती जगभर रूढ आहेत त्यांपैकी एक सरळ आहे. सीडी-१९ प्रथिनाची नक्कल बनवायची, तिला चमकणारा रंग जोडायचा आणि टी-पेशींच्या द्रावणात सोडायची. ज्या पेशीवर ग्राहक असेल ती नक्कल पकडेल, चमकेल आणि फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रात मोजली जाईल. मानवी जनुक दुसऱ्या पेशीत घालून तयार केलेल्या अशा नकलेला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. कुपीवर ठळक लिहिलेले असते, ‘केवळ संशोधनासाठी’. ते औषध नव्हे. कुणाला टोचायचे नसते. हे सांगायची गरज एवढ्यासाठी, की हाच शिक्का मारून नाना तऱ्हेचे पेप्टाइड जगभर ऑनलाइन विकले जातात आणि व्यायामशाळांतली तरुण मुले ते टोचूनही घेतात. त्या शिक्क्याचा अर्थ ‘शास्त्रज्ञांनी प्रमाणित केलेले’ असा होत नाही. माणसात वापरण्यासाठी कोणी तपासलेले नाही, एवढाच तो होतो.

नक्कल करणे वाटते तितके सोपे नाही. पुनर्संयोजित इन्सुलिन १९८२ पासून बाजारात आहे आणि ते जिवाणूंत बनवता आले, कारण इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे, पाण्यात विरघळणारे छोटे प्रथिन. सीडी-१९ मध्ये ५५६ अमिनो आम्ले आहेत. त्याचा एक भाग पेशीबाहेर, एक आत आणि मधला लहानसा पट्टा मेदाच्या पटलात रुतलेला. हा मधला पट्टा पाण्याशी फटकून वागतो. संपूर्ण प्रथिन पटलातून बाहेर काढून पाण्यात सोडले तर त्याचे गोळे होतात. डिटर्जंट वापरून सोडवता येते, पण डिटर्जंट सौम्य असेल तर प्रथिन सुटत नाही आणि कडक असेल तर त्याची घडी मोडते. पटल-प्रथिनांवर काम करणाऱ्यांचे आयुष्य या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात जाते. बीटा ग्राहकासारख्या पटल-प्रथिनांचे कोडे उलगडल्याबद्दल रॉबर्ट लेफ्कोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे कित्येक वर्षांची ही झटापट होती.

सीडी-१९ च्या बाबतीत एक वाट उपलब्ध आहे. कार-टी पेशी पाटीचा बाहेरचा भाग तेवढा वाचते, म्हणून तेवढाच, सुमारे पावणेतीनशे अमिनो आम्लांचा तुकडा बनवायचा. पण या तुकड्यावर साखरेच्या शाखा असतात आणि नेहमीचे प्रयोगशाळेतले जिवाणू त्या मानवी पद्धतीने लावू शकत नाहीत. म्हणून मानवी पेशींचाच आधार घ्यावा लागतो. यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा मूत्रपिंडाच्या पेशींचा वंश नेदरलँड्समधल्या लायडन इथे १९७३ साली तयार झाला आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला जातो. तरीही सीडी-१९ त्रास देतच राहिले. २०१८ मध्ये त्याच्या बाह्यभागाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली तेव्हा कारणाचा अंदाज आला. दोन वेगवेगळ्या घड्या शेजारी शेजारी असतील असा आधीचा तर्क होता. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतून एकच लांबट घडी झालेली निघाली. मधेच कापलेला तुकडा नीट उभा राहणार नाही हे त्यावरून उघड आहे. शिवाय शरीरात हे प्रथिन एकट्याने पृष्ठभागावर येतही नाही. त्याला सीडी-८१ नावाच्या दुसऱ्या पटल-प्रथिनाची सोबत लागते. ज्या थोड्या लोकांत जन्मतः सीडी-८१ नसते त्यांच्या बी-पेशींवर सीडी-१९ दिसत नाही आणि त्यांची प्रतिपिंडे कमी पडतात.

घडी चुकलेली नक्कल वापरली तर काय होईल? ग्राहक तिला ओळखणार नाही, पेशी चमकणार नाहीत आणि चांगली तयार झालेली बॅच वाईट ठरेल. किंवा प्रथिन कुठेही चिकटून सगळेच चमकेल आणि वाईट बॅच चांगली ठरेल. ज्या रुग्णाला एकच संधी आहे, ज्याच्या टी-पेशी पुन्हा गोळा करता येतील याची खात्री नाही, त्याच्यासाठी ही मोजणी जन्ममरणाची आहे. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा नवी कुपी आली की जुन्या कुपीशी तिची तुलना करतात आणि एकाच पद्धतीवर विसंबत नाहीत.

मुंबईच्या उपचारातला खरा शास्त्रीय बदल ग्राहकाच्या बाजूने झाला. पाटी वाचणारा भाग मूळ उंदरांच्या प्रतिपिंडातून घेतलेला असतो. पुरवार यांच्या गटाने त्याचे मानवीकरण केले, म्हणजे उंदरांचे शक्य तेवढे अंश काढून त्या जागी मानवी अंश बसवले. हेतू असा, की शरीराने त्याला परका समजू नये आणि दुष्परिणामही सौम्य व्हावेत. ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघर येथील केंद्रात या उपचाराचा पहिला रुग्ण झाला. ‘लॅन्सेट हिमॅटोलॉजी’ या नियतकालिकात मार्च २०२५ मध्ये ६४ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिसाद मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये आजार मागे हटला. हे सगळे असे रुग्ण होते ज्यांचा आजार आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता, हे लक्षात घेतले तर आकडा मोठा आहे.

पण तोच आकडा उरलेल्या बाजूने वाचायला हवा. साधारण चारातल्या एकाला प्रतिसादच मिळाला नाही. ज्यांना मिळाला त्यांपैकी काहींचा आजार पुढे उलटला. जवळजवळ प्रत्येकाच्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घसरल्या आणि उपचाराशी संबंधित मृत्यूही नोंदले गेले. ‘७३ टक्के बरे झाले’ असे जे संदेश मोबाइलवर फिरतात ते चूक आहेत. आजार मागे हटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या मुलीवर हा उपचार झाला तेव्हा टी-पेशींनी सोडलेल्या रसायनांच्या वादळात ती अत्यवस्थ झाली होती. संधिवातावरच्या टोसिलिझुमॅब या औषधाने ती वाचली. आज ते औषध हाताशी ठेवल्याशिवाय कोणतेही केंद्र हा उपचार सुरू करत नाही. अमेरिकी औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये अशा उपचारांनंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग होण्याच्या जोखमीचा इशारा वेष्टनावर सक्तीचा केला. शिवाय पाटी निरोगी बी-पेशींवरही असल्याने त्याही मारल्या जातात. रुग्ण घरी येतो तो प्रतिपिंडांची तूट घेऊन. पावसाळ्यातला ताप, घरातल्या कुणाचा क्षयरोग, बाहेरचे पाणी हे सगळे त्याच्यासाठी पुढे कित्येक महिने अधिक धोक्याचे ठरते.

उलटलेल्या आजाराची एक तऱ्हा विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्करोगाच्या पेशी पाटी उतरवतात. सीडी-१९ चे जनुक बिघडते किंवा त्या जनुकातून प्रथिन बनताना नेमका तो तुकडा गाळला जातो जो ग्राहक वाचत असतो. प्रथिन असते, पण वाचण्याजोगी अक्षरे नसतात. कार-टी पेशी शरीरात जिवंत असूनही त्यांना शत्रू दिसत नाही. अशा वेळी सीडी-२२ सारख्या दुसऱ्या खुणेकडे वळावे लागते. हे ओळखण्यासाठी आधी आणि नंतर दोन्ही वेळचे मोजमाप विश्वासार्ह हवे आणि त्या मोजमापाचा आधार पुन्हा प्रतिपिंडे आणि प्रमाणित प्रथिनेच.

आता पैशांचे. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिला कार-टी उपचार मंजूर झाला तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती, आजच्या दराने सुमारे ४ कोटी रुपये. नेक्सकार-१९ ची किंमत सुरुवातीला ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितली गेली. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या इम्युनील कंपनीनेही आपला कार-टी उपचार बाजारात आणला. भाव दहापटीने उतरला त्याचे मोठे कारण म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूसह कळीचे टप्पे इथेच उभे केले गेले. एवढ्यावर समाधान मानणे मात्र चुकीचे ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. मीरा रोडला एका खोलीचे घर विकूनही जे पैसे उभे राहतात त्यांत हे बिल भागेल आणि वर अतिदक्षता विभागाचा खर्चही निघेल, याची हमी नाही. स्वस्त हा शब्द तुलनेने आहे, खिशाच्या मानाने नाही.

पुढची घट कुठून येणार? विषाणू इथे बनू लागला, पण पेशी वाढवण्याची माध्यमे, वाढीस लावणारी प्रथिने, मोजणीची प्रतिपिंडे आणि पुनर्संयोजित पटल-प्रथिने यांचा मोठा भाग अजून आयात होतो. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका कणाएवढी वस्तू, किंमत हजारोंत आणि प्रवास गोठवलेल्या अवस्थेत. विमानतळावर कागद अडला आणि कोरडा बर्फ उडून गेला की कुपी निकामी. परदेशातला संशोधक सोमवारी मागवून बुधवारी जो प्रयोग करतो, त्यासाठी इथला संशोधक आठवडे थांबतो. एका रुग्णाच्या बिलात या कुपीचा वाटा छोटा असेल. पण पुढचा उपचार शोधण्याच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात ती खर्च होत असते आणि बहुतेक प्रयत्न फसतात.

सरकारी धोरण या बाबतीत दोन्ही दिशांना धावले आहे. जुलै २०२२ मध्ये सार्वजनिक संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर काढून घेण्यात आला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरचे आयात शुल्क १० वरून एकदम १५० टक्के झाले. रसायनांच्या नावाखाली होणारी दुसऱ्याच मालाची आयात रोखण्याचा त्यामागे उद्देश होता. संशोधकांत हलकल्लोळ माजला आणि नऊ-दहा दिवसांत, १ ऑगस्टला, संशोधनासाठी स्वतः वापरणाऱ्यांना पुन्हा १० टक्के दर लागू झाला. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्यापैकी कुणी एखाद्या प्रयोगशाळेला आधी विचारले असते तर ती वेळच आली नसती. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवतंत्रज्ञानाचे ‘बायोई-३’ धोरण मंजूर केले आणि त्यात अचूक जैव-उपचारांना स्थान दिले. जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांच्या खरेदीचे नियम सैल झाले: कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली आणि सरकारी पोर्टलबाहेरून विशेष साहित्य घेण्याची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली. हा बदल बातम्यांत कुठेतरी कोपऱ्यात आला, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना तो मोठ्या घोषणांपेक्षा उपयोगी आहे.

खरेदी सोपी होणे आणि वस्तू इथे बनणे यांत मात्र अंतर आहे. भारताने हे अंतर एकदा कापले आहे. हिपॅटायटिस-बी ची आयात लस मध्यमवर्गालाही परवडत नव्हती, तेव्हा १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने विषाणूच्या आवरणातले प्रथिन यीस्टमध्ये बनवून लस आणली आणि भाव कोसळला. तिथे गिऱ्हाईक म्हणून देशभरातली बाळे होती. संशोधनाच्या कुपीला गिऱ्हाइके मोजकी. म्हणून खासगी कंपनीला त्यात चटकन रस वाटत नाही आणि सार्वजनिक पैशाची गरज तिथेच आहे. आयआयटी, टाटा आणि परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था एकाच महानगरात आहेत. या तिघांना लागणारी पाच-पंचवीस प्रथिने एका ठिकाणी, एकाच दर्जाची बनवून सर्वांना पुरवणे अशक्य नाही.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी करण्यासारखे काही आहे. बी-प्रकारच्या ल्युकेमियात, विशेषतः मुलांत, नेहमीच्या केमोथेरपीनेच बहुतेक बरे होतात, त्यामुळे निदान होताच कार-टीची चौकशी करत फिरण्याची गरज नाही. नेक्सकार-१९ ची मान्यताही १५ वर्षांवरील आणि आजार उलटलेल्या किंवा न हटलेल्या रुग्णांसाठी आहे. पण पहिल्या निदानाचा फ्लो सायटोमेट्रीचा मूळ अहवाल, अस्थिमज्जेच्या काचपट्ट्या आणि मेणातले नमुने जपून ठेवावेत. घर बदलताना रद्दीत जातात ते हेच कागद. आजार उलटल्यास डॉक्टरांना विचारावे, की सीडी-१९ आत्ता, या नव्या नमुन्यात, आहे का, आणि जुन्या अहवालाशी त्याची तुलना झाली आहे का. आधी सीडी-१९ वर नेम धरणारे एखादे औषध घेतले असेल तर ते न विसरता सांगावे आणि तपासणी करणाऱ्या लॅबलाही कळवावे, कारण खूण झाकली किंवा पुसली गेली असेल तर त्यांना बी-पेशी दुसऱ्या खुणेने शोधाव्या लागतात.